हंडा तोच, झेंडा वेगळा

एखादी गोष्ट बरी की वाईट, हे ती कोणी केली यावरून ठरवणे हा पक्षपाताचा गाभा आहे. राजकारणात बाजू घेणे हा दोष नाही. कुणी बाजूच घेतली नाही तर निवडणुकीला अर्थ राहत नाही. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे झाले, की दोष सुरू होतो. छत्रपती संभाजीनगरचा पाणीप्रश्न हा त्याचा अस्सल नमुना.

पैठणचे जायकवाडी धरण शहरापासून सुमारे ५० किलोमीटरवर. धरण काठोकाठ भरले तरी अनेक वसाहतींत नळाला पाणी कित्येक दिवसांआड येते. पाण्याचा वार असला की घरातले कुणीतरी बाहेर जायचे टाळते. ड्रम, टाक्या, घागरी आणि शेवटी पातेलीसुद्धा भरून ठेवली जातात. १,६८० कोटींच्या नव्या योजनेला २०१९ मध्ये देवेंद्र फडणवीस मुख्यमंत्री असताना मंजुरी मिळाली. भूमिपूजन १२ डिसेंबर २०२० रोजी तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांच्या हस्ते झाले. काम रेंगाळले, खर्च फुगला. २३ मे २०२२ रोजी विरोधी पक्षनेते म्हणून फडणवीस यांनी शहरात जलआक्रोश मोर्चा काढला. मे २०२५ मध्ये फडणवीस पुन्हा मुख्यमंत्री होते, नळ तसेच कोरडे होते आणि मोर्चाच्या अग्रभागी आदित्य ठाकरे होते. महापालिकेत तर शिवसेना आणि भाजप वर्षानुवर्षे मांडीला मांडी लावून सत्तेत बसले होते, ही आठवण दोन्ही मोर्चांत गैरसोयीचीच.

तहान दोन्ही वेळी खरी होती. बदलली ती समर्थकांची भाषा. एवढे मोठे काम, वेळ लागणारच, असे कालपर्यंत म्हणणारे आज लोकांनी किती दिवस तहानलेले राहायचे असे विचारू लागले आणि कालचे प्रश्नकर्ते अडचणी समजावून सांगू लागले. जलवाहिनी कुठवर आली, जलकुंभ किती उभे राहिले, हे प्रश्न दोन्ही वर्षी तेच होते. पण विचारणाऱ्याला उत्तर मिळण्याआधी त्याचा पक्ष विचारला गेला.

शहराच्या नावाच्या बाबतीत तर हा फरक केवळ १७ दिवसांत दिसला. २९ जून २०२२ रोजी ठाकरे मंत्रिमंडळाने शेवटच्या बैठकीत औरंगाबादचे संभाजीनगर करण्याचा निर्णय घेतला. १६ जुलैला शिंदे-फडणवीस सरकारने आधीचा निर्णय ग्राह्य न धरता आपला नवा निर्णय घेतला आणि नावापुढे ‘छत्रपती’ जोडले. मागणी एकच, तरी श्रेय कुणाचे यावर भांडण जुंपले.

अमेरिकेत ही वृत्ती प्रयोगातून तपासली गेली आहे. मानसशास्त्रज्ञ जेफ्री कोहेन यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विद्यार्थ्यांपुढे गरिबांना मदतीच्या योजना ठेवल्या. योजना सढळ की कंजूस, यापेक्षा तिला आपल्या पक्षाचा पाठिंबा आहे की नाही यावर त्यांचे मत ठरले. खरी मेख पुढेच आहे: आपण योजनेच्या गुणदोषांवरच मत बनवले, असे त्यांना मनापासून वाटत होते. पक्षपाती माणूस बहुतेक वेळा खोटे बोलत नाही, म्हणूनच त्याला समजावणे अवघड जाते. मुलाने किंवा मुलीने दुसऱ्या पक्षाच्या घरात लग्न केले तर वाईट वाटेल का, असे तिथे १९६० मध्ये विचारले तेव्हा शंभरात चार-पाच जण हो म्हणाले होते. २०१० मध्ये रिपब्लिकनांपैकी जवळपास निम्मे आणि डेमोक्रॅटांपैकी एक तृतीयांश हो म्हणाले.

मराठवाड्यात सोयरीक जुळवताना पक्ष क्वचितच विचारतात. जात मात्र न विचारताही काढली जाते. त्यामुळे इथला पूर्वग्रह पक्षाहून खोल असतो आणि तो तत्त्वाचा अंगरखा घालून येऊ शकतो. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव मंजूर केला आणि मराठवाड्यात हिंसाचार उसळला. विरोधाचा उघड मुद्दा प्रादेशिक अस्मितेचा होता. गोविंदभाई श्रॉफ, अनंत भालेराव हे हैदराबाद मुक्तिसंग्रामातले लोक त्या भूमिकेवर उभे होते; त्यांच्या मराठवाडानिष्ठेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण विद्यापीठाच्या पाटीशी काडीचा संबंध नसलेल्या खेड्यांत दलितांची घरे जाळली गेली, नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचीराम कांबळे यांना ठार मारले गेले. ती आग अस्मितेची नव्हती. अस्मितेची भाषा तिच्या आडोशाला उभी राहिली, आणि आपल्या मुद्द्यामागे कोण लपले आहे हे पाहण्याची जबाबदारी मुद्दा मांडणाऱ्यांची होती.

त्याच वादातली एक गोष्ट मात्र आजच्या शहरात सापडत नाही. आयुष्यभर एकाच चळवळीत वावरलेली माणसे तेव्हा समोरासमोर उभी होती. समाजवादी नेते एस. एम. जोशी नामांतराच्या बाजूने ठाम राहिले, त्यांच्या जवळचे कितीतरी जण विरोधात गेले. माणसाचा पक्ष सांगून त्याचे मत ओळखता येत नव्हते. सोळा वर्षे हा वाद चालला आणि १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला, तो ‘मराठवाडा’ हा शब्द कायम ठेवून.