बाहीची लांबी आणि सोन्याचे वजन

चर्चमध्ये कपड्यांचा विषय निघाला की तो फिरून फिरून मुलींच्या बाह्यांवर येतो. फेस्ताच्या आधी, लग्नसराईच्या तोंडावर, पहिल्या ख्रिस्तप्रसादाच्या तयारीत सूचना ठरलेल्या असतात: बिनबाह्यांचे नको, गळा खोल नको, गुडघे झाकलेले हवेत. मालवण असो, वेंगुर्ला असो की सावंतवाडी, यात फारसा फरक नाही. वेदीसमोर उभे राहताना माणसाने नीटनेटके असावे, याबद्दल माझी तक्रार नाही. मी याच किनाऱ्यावरच्या कॅथोलिक घरात वाढले आहे. तक्रार आहे ती वेगळीच. धर्मग्रंथात जो विषय पैशापासून आणि गर्वापासून सुरू होतो, तो आम्ही बाईच्या खांद्यापाशी आणून सोडून दिला आहे.

शालीनतेचा दाखला म्हणून संत पौलाने तीमथ्याला लिहिलेले पहिले पत्र नेहमी पुढे केले जाते. ते उघडून वाचावे. पौलाने नापसंत केलेल्या गोष्टींची यादी छोटी आहे: गुंफलेले केस, सोने, मोती, महागडी वस्त्रे. बाहीचे माप त्यात नाही. पेत्राच्या पत्रातही जवळपास हीच यादी येते. रोमन काळातल्या शहरांत केशरचनेत सोने गुंफणे म्हणजे घरात दासी किती आहेत हे चारचौघांत सांगणे होते. त्या काळच्या ख्रिस्ती सभांमध्ये गुलाम आणि मालकीण शेजारी बसत. पौलाला खुपले ते हे अंतर. याकोबाचे पत्र तर त्याहून रोखठोक आहे. सोन्याची अंगठी घातलेला माणूस सभेत आला की त्याला चांगली जागा द्यायची आणि मळक्या कपड्यांतल्या गरिबाला उभे ठेवायचे, यावर याकोब संतापून बोलतो. कपड्यांवरचे इतके थेट प्रवचन नव्या करारात दुसरे मला सापडलेले नाही, आणि ते बायकांना उद्देशून नाहीच.

पुढे चर्चमधल्या विद्वानांनी या विषयाला निरनिराळी वळणे दिली. कार्थेजच्या तेर्तुलियनने इ. स. 200च्या सुमारास स्त्रियांच्या नटण्यावर स्वतंत्र लेखन केले, आणि तो सूर फार काळ टिकला. त्याच पिढीतल्या अलेक्झांड्रियाच्या क्लेमेंटने अंगावरचे केस उपटून गुळगुळीत होणाऱ्या पुरुषांचीही खरडपट्टी काढली होती. ती मात्र कुणाला आठवत नाही. चौथ्या शतकाच्या अखेरीस अंत्युखियातल्या योहान ख्रिसोस्तोमने श्रीमंतांना विचारले की चर्चमध्ये ख्रिस्ताला रेशमाने मढवता आणि बाहेर थंडीत उघडा पडलेला ख्रिस्त तुम्हाला दिसत नाही का? माझ्या मते या सगळ्या परंपरेतला कणा हाच आहे. नियम तर येतात आणि जातात. चर्चमध्ये स्त्रियांनी डोके झाकावे हे 1917च्या धर्मसंहितेत लिहिले होते. 1983च्या संहितेत ते कलमच उरले नाही. शालीनतेची रूपे संस्कृतीप्रमाणे बदलतात, हे 1992च्या कॅथोलिक धर्मशिक्षण ग्रंथातही मान्य केलेले आहे.

ती कशी बदलतात हे आमच्या किनाऱ्यावर रोज सकाळी दिसते. रापण ओढायला माणसे दोन्ही दोरांना लागतात तेव्हा कुणाच्या अंगावर आखूड चड्डी असते, कुणाच्या कमरेला नुसता पंचा. उघड्या पाठी उन्हात चकाकत असतात. जाळे काठाला आले की बायका साडी गुडघ्यापर्यंत खोचून पाण्यात उतरतात, बांगडा वेगळा, तारली वेगळी करतात, वाटे पडतात, आणि पाटी डोक्यावर घेऊन त्या तशाच ओल्या निऱ्यांनी बाजाराची वाट धरतात. त्या पोटऱ्यांना कुणी निर्लज्ज म्हटल्याचे मी ऐकलेले नाही. यातलीच कॅथोलिक बाई रविवारी मिस्सेला येते तेव्हा पदर खांद्यावरून नीट घेतलेला असतो. तिला कुणी शिकवावे लागत नाही. कामाची मर्यादा कोणती आणि प्रार्थनेची कोणती, हे तिला तिच्या आयांनी दाखवलेले असते. शालीनता आतून येते म्हणतात ती अशी, आणि ती बाहेरून लादली की काय होते हे याच पट्ट्याने सोसलेले आहे.

14 एप्रिल 1736 रोजी गोव्याच्या इन्क्विझिशनने एक फर्मान काढले. लग्नात ओव्या म्हणायच्या नाहीत, हळद लावायची नाही, दारात तुळस ठेवायची नाही. त्याच फर्मानात ख्रिस्ती पुरुषांना धोतर आणि ख्रिस्ती स्त्रियांना चोळी घालायला बंदी होती. अ. का. प्रियोळकरांनी 1961च्या आपल्या इंग्रजी ग्रंथात या दडपणुकीचा इतिहास मांडला आहे. विचार करण्यासारखी गोष्ट ही की चोळी काही उघडेवाघडे वस्त्र नव्हते; शतकानुशतके बायांनी अंग झाकले ते तिनेच. तिच्यावर राग होता तो ती हिंदू शेजारणीसारखी दिसते म्हणून. बारदेशाच्या पलीकडे पेडणे, डिचोलीपासून तेव्हा सावंतवाडीकर भोसल्यांचा मुलूख लागत असे. आमच्याकडच्या कित्येक ख्रिस्ती घरांत पूर्वज बारदेशातून आले असे आजही सांगतात. ते कशासाठी आले याची कारणे घराघरांत निराळी असतील, पण इकडच्या बायकांच्या अंगावरचे लुगडे आणि लग्नाआधीचा नारळाच्या रसाचा रोस टिकला, हे आपण पाहतोच.

शंभर वर्षांनी दक्षिणेला त्रावणकोरात चित्र बरोबर उलटे होते. तिथे नाडार स्त्रियांनी वरच्या जातींसमोर छाती झाकायची नाही असा दंडक होता. ख्रिस्ती झालेल्या बायांनी कुप्पायम नावाचा जाकिटासारखा झगा घालायला सुरुवात केली, तेव्हा रस्त्यात त्यांची वस्त्रे फाडली गेली. 1859 मध्ये त्रावणकोरच्या राजाला जाहीरनामा काढून नाडार स्त्रियांना अंग झाकण्याची मोकळीक द्यावी लागली. म्हणजे एकाच धर्माच्या बायकांना एकीकडे चर्चच्या दरबाराने चोळी काढायला लावली, दुसरीकडे जातीच्या दरबाराने ती घालू दिली नाही. दोन्हीकडे निर्णय तिचा नव्हता. म्हणून कुणी मुलीला तुझे कपडे ख्रिस्ती नाहीत असे म्हणतो, तेव्हा माझ्या मनात पहिला प्रश्न येतो तो हा की ठरवणारा कोण आणि त्याच्या हातात काय आहे?

स्वतः ठरवलेल्या साधेपणाचे तेज वेगळेच असते. पंडिता रमाबाईंनी 1883 मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेजला बाप्तिस्मा घेतला. साडी त्यांनी सोडली नाही, शाकाहार सोडला नाही, आणि लॅटिन अक्षरे कोरलेला क्रूस गळ्यात घालायलाही नकार दिला. आपल्याला न कळणारी भाषा अंगावर का मिरवावी, असा त्यांचा सवाल होता. केडगावच्या मुक्ती मिशनमध्येही त्या पांढऱ्या साडीतच राहिल्या. विनय म्हणजे मान खाली घालणे असे मानणाऱ्यांनी रमाबाईंचा वाँटेजच्या धर्मभगिनी जेराल्डीन यांच्याशी झालेला पत्रव्यवहार वाचावा. देवापुढे पूर्ण नमलेली ही बाई माणसांपुढे एक पाऊलही मागे सरत नव्हती. 1948 मध्ये मदर तेरेसांनी निळ्या काठांची स्वस्त सुती साडी नेसली, तीही वरच्या कुणी नेसवलेली नव्हती.

आता तारकर्ली-देवबागला पर्यटक येतात, पाण्याखाली उतरायचे घट्ट पोशाख किनाऱ्यावर वाळत असतात, आणि गावात कुजबुज होते. त्या कुजबुजीत मला एक गोष्ट हवी असते ती मिळत नाही. डोंगरावरच्या प्रवचनात येशूने वासनेने पाहणाऱ्याला दोषी धरले, आणि लगेच पुढे त्याच्या डोळ्याबद्दल बोलला. समोरच्या बाईने काय नेसले होते याची त्याने चौकशी केली नाही. आमच्या दृढीकरणाच्या वर्गात मुलींना बाह्यांची सूचना मिळते. मुलांना डोळ्यांची आणि हातातल्या मोबाइलची मिळायला हवी, आणि ती तितक्याच गंभीरपणे.

आणि मिळायला हवी ती थोरांनाही. पहिल्या ख्रिस्तप्रसादाची मुलगी पाहा. आठ-नऊ वर्षांची पोर, अंगावर जाळीचा पायघोळ फ्रॉक, हातमोजे, डोक्यावर मुकुट. म्हापशाहून आणलेला हा सगळा सरंजाम ती पुन्हा कधी घालणार नसते. रांगेत तिच्यामागे उभी असलेली मुलगी मावसबहिणीचा फ्रॉक टाचून घालून आलेली असते, आणि सारखी खांद्यावरचा टाका चाचपत असते. दोघींच्या बाह्या मनगटापर्यंत आहेत, म्हणून आपण समाधानी असतो. याकोबाने ज्या सभेला सुनावले, ती हीच. लग्नातही तेच: नवरीचा गळा किती झाकला यावर चर्चा, त्या गळ्यातल्या सोन्यासाठी बापाने होडी गहाण टाकली यावर मौन.

काही धर्मग्रामांत पहिल्या ख्रिस्तप्रसादासाठी सर्व मुलामुलींना सारखाच साधा पांढरा झगा देतात. तो आपल्या किनाऱ्यावर सगळीकडे आणावा, असे मला मनापासून वाटते. कापड सुती, शिवायला गावातलाच शिंपी, झगे धर्मग्रामाच्या मालकीचे, दरवर्षी धुऊन पुढच्या मुलांना. ज्यांना फ्रॉकवर खर्च करायचाच होता त्यांनी ती रक्कम दानपेटीत टाकावी, नाव न लिहिता. पावसाळ्यानंतर पॅरिश कौन्सिलच्या बैठका सुरू होतात. हा विषय पत्रिकेवर पहिला घ्यावा, आणि बाह्यांचा शेवटी, वेळ उरला तर.