नाव कंपनीचे, जामीन गावाचा

मुंबईच्या मेट्रो-३ मार्गावर आचार्य अत्रे चौक स्थानकाला म्युच्युअल फंडाचे नाव जोडले गेले, सिद्धिविनायक स्थानकाला विमा कंपनीचे. त्यावर वाद झाला आणि विक्रीची बाजू घेणाऱ्यांनी एकच प्रश्न लावून धरला: नुसते नाव देऊन पैसा येत असेल तर बिघडले कुठे? आता हाच प्रश्न सरकारी मैदानांबाबत विचारला जातो. क्रीडा संकुलांची दुरवस्था आहे, तर नाव विका आणि संकुल चालवा. श्रीरामपुरात बसून मी याला उत्तर देतो आहे, कारण हा विचार तालुक्याच्या मैदानापर्यंत यायला फार वेळ लागणार नाही.

या मंडळींची अर्धी बाजू खरी आहे. राज्य सरकारने 2022 मध्ये तालुका क्रीडा संकुलाच्या अनुदानाची मर्यादा 1 कोटीवरून 5 कोटींवर नेली. पण तो पैसा बांधकामाचा. उद्घाटन झाले की वॉचमनचा पगार, वीजबिल आणि पाणी यांची तोंडमिळवणी संकुल समितीने करायची. कोणत्याही तालुक्याच्या मैदानावर पहाटे पाचला जाऊन पाहा. पोलीस भरतीची तयारी करणारी मुले अंधारात 1600 मीटर मारत असतात, मुली 800 मीटर. पाऊस झाला की धावपट्टीचा चिखल होतो, गोळाफेकीच्या वर्तुळाभोवती गाजरगवत माजते आणि मुलींसाठी असलेल्या स्वच्छतागृहाला कुलूप असते. या पोरांना पैसा हवा आहे, तत्त्वज्ञान नको, असे कोणी म्हटले तर मला राग येत नाही.

मात्र नाव विकल्यावर काय होते, याचा दाखला आपल्या राज्यातच आहे. पुण्याजवळ गहुंजे येथे महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनने मोठे मैदान उभारले. 2012 मध्ये तिथे सामने सुरू झाले. दोनशे कोटींहून अधिक रकमेच्या करारावर त्याला ‘सुब्रत रॉय सहारा स्टेडियम’ हे नाव मिळाले. ठरलेला पैसा आला नाही, वाद कोर्टात गेला आणि नाव उतरवावे लागले. ती संस्था सरकारी नाही, तिचे नुकसान तिने सोसले. मला खटकते ते निराळेच. त्याच 2012 च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाराच्या दोन कंपन्यांना सुमारे 3 कोटी गुंतवणूकदारांचे 24,000 कोटी रुपये परत करायला सांगितले. म्हणजे गावोगावच्या ठेवीदारांचा पैसा परत देण्याचा हुकूम ज्या समूहाला होतो, त्याचेच नाव टीव्हीच्या पडद्यावर मैदानाच्या रूपाने झळकत होते. ते पाहून किती जणांचा त्या नावावरचा भरवसा वाढला असेल?

अमेरिकेत ह्यूस्टनला तर सार्वजनिक मालकीच्या मैदानावर एन्रॉनचे नाव लागले होते. दाभोळच्या वीजप्रकल्पामुळे आपल्याला ती कंपनी नीट ठाऊक आहे. 30 वर्षांसाठी 10 कोटी डॉलरचा करार 1999 मध्ये झाला आणि डिसेंबर 2001 मध्ये एन्रॉन दिवाळखोरीत गेली. पुढे तिथल्या बेसबॉल संघाला स्वतःच्या खिशातून 21 लाख डॉलर मोजून ते नाव सोडवून घ्यावे लागले. मायामीत काउंटीच्या मालकीच्या मैदानाला 2021 मध्ये एफटीएक्स या आभासी चलनवाल्या कंपनीचे नाव मिळाले. पुढच्याच वर्षी तीही बुडाली.

भिंतीवर जाहिरात लावणे आणि वास्तूला नाव देणे यांत हाच फरक आहे. जाहिरात वाचणाऱ्याला ती जाहिरात असल्याचे कळते. नाव मात्र तिकिटावर, पत्त्यावर, पोराच्या प्रमाणपत्रावर जाते. ते देणारे गाव त्या कंपनीला जामीन राहते. आणि जामीन राहणे म्हणजे काय, हे आमच्या नगर जिल्ह्याला नव्याने शिकवायला नको. नगर अर्बन बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने 2023 मध्ये रद्द केला. इथल्या माणसांनी पाटी आणि परिचय पाहून ठेवी ठेवल्या होत्या, ताळेबंद वाचून नव्हे.

इथे मला कर्मवीर भाऊराव पाटील आठवतात, आणि त्यांच्यापाशी जरा थांबावेसे वाटते. 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था काढलेल्या या माणसाला पैशाची चणचण कधी सुटली नाही. वसतिगृहातल्या मुलांच्या तोंडी घास पडावा म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. अशा संस्थेने साताऱ्यात 1947 मध्ये कॉलेज काढले आणि त्याला छत्रपती शिवाजी महाराजांचे नाव दिले. ते बदलण्याच्या अटीवर मोठी देणगी पुढे आली, तेव्हा भाऊरावांनी, एक वेळ बापाचे नाव बदलीन पण कॉलेजचे नाही, अशा आशयाचे उत्तर देऊन ती परत केली, असे सांगतात. गरज असतानाचा हा नकार आहे. संकुलाला गरज आहे म्हणून नाव विका म्हणणाऱ्यांनी तो आधी पचवावा.

यावर कोणी म्हणेल, त्याच रयतच्या कित्येक शाळा-कॉलेजांना माणसांची नावे आहेत की! आमच्या श्रीरामपुरातले रयतचे कॉलेजच रावबहादूर नारायणराव बोरावके यांच्या नावाने ओळखले जाते. हा आक्षेप मला महत्त्वाचा वाटतो. त्याचा विचार करता करता ‘सार्वजनिक वास्तूला कोणाही धनिकाचे नाव नको’ ही माझी भूमिका मला सोडावी लागते. बागायतदार बोरावके या मातीला परिचित होते. नाव दिले ते कायमचे, आणि दर पाच वर्षांनी त्याचा लिलाव होत नाही. माणूस चांगला की वाईट, हे लोक जाणून होते. कृतज्ञता म्हणून दिलेले नाव आणि भाड्याने दिलेले नाव यांना एका मापाने मोजता येणार नाही.

जवळच टिळकनगर आहे. महादेव डहाणूकरांनी 1933 मध्ये महाराष्ट्र शुगर मिल्स काढली. कारखाना त्यांचा, भांडवल त्यांचे, पण तिथल्या वसाहतीची ओळख झाली ती लोकमान्यांच्या नावाने. उलट बाजूने एमआरएफ घ्या. चेन्नईत त्या कंपनीने स्वतःच्या पैशाने वेगवान गोलंदाजांसाठी प्रबोधिनी काढली, डेनिस लिलीला शिकवायला आणले आणि तिला आपले नाव दिले. त्याबद्दल कुरकुर करण्याचे कारणच नाही. तिथेच घडलेला झहीर खान 1978 मध्ये श्रीरामपुरात जन्मला. त्याने कसोटीत 311 बळी घेतले, 2011 च्या विश्वचषकात 21. मैदानाला नाव शोधत असाल तर ते गावात आहे.

कंपन्यांकडून पैसा जरूर घ्यावा. सीएसआरमधून धावपट्टी बांधून घ्या, दिवे बसवून घ्या, आतल्या फलकावर आभार माना, जाहिरातीच्या जागा मुदतीने भाड्याने द्या. संकुल समितीवर आमदार असतात, अधिकारी असतात. त्यांच्यापुढे नाव विकण्याचा प्रस्ताव आला तर श्रीरामपूरकरांनी कराराची प्रत मागावी. कंपनी बुडाली किंवा तिने हप्ते थकवले तर नाव उतरवण्याचा खर्च कोण देणार, हे त्यात पाहावे. आणि ते लिहिलेले असले, तरीही प्रस्तावाला विरोधच करावा.