एका रुपयाची पुडी

नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्यातल्या धडगावच्या बाजारातही शाम्पूची एका रुपयाची पुडी मिळते. बाटलीपुरते पैसे ज्याच्या हाती एकदम येत नाहीत, त्याची ती सोयच होय. सी. के. प्रल्हाद यांनी २००४ च्या आपल्या ग्रंथात बहुराष्ट्रीय कंपन्यांना सुचविले, की गरिबाला दयेचा विषय न मानता गिऱ्हाईक माना. हा मान खरा. आणि नफा हे काही पाप नव्हे. परंतु गिऱ्हाईक मानले, की हिशेबही पुरा मांडावयास हवा. पुडी रिकामी होते, तिचे प्लास्टिक मात्र न कुजता गावाच्या ओढ्यात राहते. ते उचलण्याचा खर्च त्या रुपयात धरलेला नसेल, तर उरलेली किंमत गावच भरीत असते. ती कंपनीने भरल्यावर जो उरेल, तोच नफा न्याय्य.