उपचार, तवक्कुल आणि रुग्णाचा हक्क

आजार ही अल्लाहकडून येणारी परीक्षा आहे, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. परंतु ती परीक्षा एकट्या रुग्णाची असते, की त्याच्या उशाशी बसलेल्या आप्तांचीही? गेल्या वर्षी हा प्रश्न आमच्या घरात उभा राहिला आणि मिंबरवरून इतरांना सब्र व तवक्कुल शिकवणारा मी त्या परीक्षेत प्रथम चुकलो. ती चूक वाचकांसमोर ठेवणे मला आवश्यक वाटते.

माझे वडील कोकणातील शेतकरी. त्यांचे आयुष्य भातखाचरात अनवाणी गेले. डाव्या पायाच्या तळव्यावर, करंगळीच्या मुळाशी एक काळा डाग होता. काटा मोडला असेल किंवा कुरूप असेल, अशा समजुतीने दोन वर्षे दुर्लक्ष झाले. डाग पसरला, त्यातून पाणी झिरपू लागले, तेव्हा तुकडा काढून तपासला. निदान झाले मेलानोमा, म्हणजे त्वचेला रंग देणाऱ्या पेशींचा कर्करोग. गोऱ्या वर्णाच्या लोकांत तो बहुधा उन्हाने पोळलेल्या त्वचेवर होतो. आपल्याकडे मात्र तळपाय, तळहात आणि नखांखालची जागा येथे तो विशेषकरून आढळतो. दिवसातून पाच वेळा आपण वुजूसाठी पाय धुतो, पण तळवा उलटून पाहत नाही.

मुंबईतील डॉक्टरांनी उपचार समजावून सांगितले. डागाभोवतीच्या निरोगी त्वचेसह करंगळी काढायची. त्याच वेळी, रोग जिथे प्रथम पोहोचण्याचा संभव असतो ती जांघेतील लसिका ग्रंथी काढून तपासायची. तिच्यात रोग आढळला तर शरीराची प्रतिकारशक्ती जागवणारे औषध वर्षभर ठरावीक दिवसांनी शिरेतून द्यायचे. त्याचा खर्च लाखांच्या घरात होता.

घरात मशवरा सुरू झाला. आखाती देशात नोकरी करणारे थोरले भाऊ फोनवरून म्हणाले, जमीन विकू, पण काहीही बाकी ठेवायचे नाही. एका नातलगाने डाग जाळणाऱ्या लेपाचा आग्रह धरला. आत्या म्हणाल्या, या वयात शरीर कापायचे कशाला, अल्लाहवर सोडा. या तिन्ही मतांचे एकाच गोष्टीवर एकमत झाले, ते म्हणजे अब्बांना सांगायचे नाही. ‘साधी गाठ आहे’ हे सांगण्याचे काम माझ्याकडे आले आणि मी ते केले.

दोन दिवसांनी अब्बांनी मला जवळ बसवले. म्हणाले, “बेटा, शेताचा बांध एक हात सरकवायचा तरी मालकाला विचारतात. पाय माझा आहे ना?”

त्या रात्री मला एक हदीस आठवली, जी मी अनेकदा वाचली होती, पण स्वतःच्या घराला कधी लावून पाहिली नव्हती. सहीह बुखारीत हजरत आयशा (रजि.) यांचे कथन आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या अखेरच्या आजारात घरच्यांनी त्यांच्या तोंडात औषध घातले. नको, असे प्रेषितांनी खुणेने सांगितले होते. रुग्णाला औषध नकोसे असतेच, असे समजून घरच्यांनी ते मानले नाही. बरे वाटताच प्रेषितांनी याविषयी नापसंती व्यक्त केली आणि मी मना केले नव्हते काय, असे विचारले. औषध देणाऱ्यांच्या प्रेमात काय उणे होते? तरीही प्रेम म्हणजे संमती नव्हे, हाच त्यातला बोध आहे. १९९२ साली जेद्दा येथील आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीनेही उपचाराविषयीच्या ठरावात सज्ञान व सक्षम रुग्णाची परवानगी आवश्यक मानली आहे.

सकाळी मी अब्बांना सर्व काही सांगितले. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “आता एकेक गोष्ट नीट समजावून सांग.”

येथे इमाम गजाली (रह.) यांचे विवेचन उपयोगी पडले. ‘इह्या’मध्ये ते साधनांचे तीन दर्जे सांगतात. पहिले निश्चित, जसे तहानेला पाणी; जिवाला धोका असताना ते सोडणे तवक्कुल नव्हे, ते हराम आहे. दुसरे संभाव्य, जसे वैद्यकातील रूढ उपचार; ते करणे तवक्कुलच्या विरुद्ध नाही आणि सोडणेही निषिद्ध नाही. तिसरे केवळ भासमान, ज्यांचा परिणाम कल्पनेपलीकडे सिद्ध नाही.

लेप तिसऱ्या दर्जाचा होता. त्याने डाग वरून जळाला असता आणि रोग आत वाढला असता. दुआ आणि कुरआन पठण उपचारासोबत चालू ठेवायचे असते, उपचाराच्या जागी नव्हे. शस्त्रक्रिया पहिल्या दर्जाच्या जवळ होती, कारण हा रोग पातळ थरात असताना पूर्ण काढला तर बहुतेक रुग्ण बरे होतात आणि उशीर झाला की तो खोल उतरतो. हजरत उरवा बिन जुबैर (रह.) यांनी पाय सडू लागला तेव्हा तो कापू दिला. त्यांच्या सब्रची कथा आपण सांगतो, पण त्यांनी इलाज नाकारला नव्हता, हे सांगायचे विसरतो. अब्बांनी त्याच दिवशी होकार दिला.

खरा पेच पुढे आला. ग्रंथीत रोग सापडला आणि वर्षभराच्या औषधाचा प्रश्न उभा राहिला. ज्या संशोधनातून ही उपचारपद्धती निघाली त्यास २०१८ चे नोबेल पारितोषिक मिळाले आहे. तिला क्षुल्लक कोण म्हणेल? अब्बांनी डॉक्टरांना विचारले, याने काय मिळेल, शरीर काय गमावेल आणि आज नको म्हटले तर दार कायमचे बंद होईल काय? उत्तर प्रामाणिक होते. रोग परतण्याची शक्यता कमी होते, हमी नाही; तळव्याच्या मेलानोमात प्रतिसाद तुलनेने कमी दिसतो. जागी झालेली प्रतिकारशक्ती कधी थायरॉइड, आतडी, यकृत किंवा फुप्फुसांवरच उलटते. रोग परतला तर हे औषध तेव्हाही देता येते.

हा दुसरा दर्जा होता. इमाम नववी (रह.) यांच्यासह शाफई विद्वान उपचाराला मुस्तहब म्हणतात, येथे घेणाराही योग्य आणि न घेणाराही गुन्हेगार नाही. अपस्माराने त्रस्त असलेल्या एका स्त्रीने प्रेषितांकडे दुआ मागितली, तेव्हा त्यांनी तिला सब्र आणि आरोग्याची दुआ यांपैकी एक निवडण्यास सांगितले. तिने सब्र निवडला, पण झटक्यात अंगावरचे वस्त्र सरकू नये एवढी दुआ मागून घेतली. निवड तिची होती आणि तिच्या अटीसह ती मान्य झाली.

अब्बांनी दहा दिवस इस्तिखारा केला आणि औषध न घेता नियमित तपासणीचा मार्ग धरला. रोग परतला तर पुन्हा विचार करू, असेही त्यांनी डॉक्टरांना सांगितले. भाऊ नाराज झाले. खरे सांगायचे तर माझ्याही मनात वेगळे होते. पदरी लहान मुले असलेल्या तरुणाने असेच ठरवले असते, तर मी त्याला पुनर्विचार करण्याची विनंती केली असती. परंतु विनंती करणे वेगळे आणि त्याच्या नकळत ठरवणे वेगळे.

सूरह आलि इमरानच्या १५९ व्या आयतीत क्रम स्पष्ट आहे. आधी मशवरा, मग निश्चय आणि मग अल्लाहवर भरवसा. आत्यांनी तिसरी पायरी आधी धरली. भाऊ आणि मी ज्याच्याविषयी मशवरा करायचा त्यालाच बाहेर ठेवून बसलो. तवक्कुल आपल्याला कोणता उपचार घ्यावा हे सांगत नाही. जाणून, विचारून आणि सत्य बोलून निर्णय झाल्यावर मन कुठे टेकवावे, एवढे ते सांगते.

आज अब्बा काठी टेकत मशिदीत येतात आणि दर तपासणीच्या आदल्या रात्री आम्हा दोघांनाही झोप लागत नाही. पण आता ते जागरण आम्ही एकत्र करतो. वाचकहो, आज वुजू करताना स्वतःचे व घरातील वडीलधाऱ्यांचे तळवे एकदा पाहा; वाढणारा, वेडावाकडा काळा डाग दिसला तर विलंब न करता डॉक्टरांना दाखवा. अल्लाह सर्व रुग्णांना शिफा देवो आणि आप्तांना त्यांच्याशी सत्य बोलण्याचे धैर्य देवो. आमीन.