स्वस्त अवजार कोणाच्या हाती?

आमच्या धर्मग्रामातील एका तरुणाने खिडक्यांच्या जाळ्या आणि लोखंडी दारे बनविण्याचा लहानसा उद्योग आरंभिला. यंत्रे पाहण्यासाठी तो मुंबईस नागदेवी स्ट्रीटवर जाऊन आला. नव्या ग्राइंडरची किंमत त्याने विचारली. तसाच ग्राइंडर ‘रिकंडिशन’ केलेला निम्म्या किमतीत मिळत असल्याचेही त्याला कळले. परतल्यावर त्याने आम्हांला विचारले, “सर, निम्म्या पैशांत काम भागत असेल, तर नवा का घ्यायचा?” प्रश्न हिशेबाचा वाटला, विचार करू लागलो तेव्हा तो नीतीचा आहे असे आमच्या ध्यानी आले.

जुन्या वस्तूविषयी आमच्या मनात मुळीच अढी नाही. वाडवडिलांच्या कोयत्याला नवी मूठ बसवून तो पुढच्या पिढीने वापरावा, ही आपली रीत. काटकसर हा सद्गुण आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात वापरून फेकून देण्याच्या संस्कृतीविरुद्ध जो इशारा दिला, तो अवजारांनाही लागू पडतो. विजेच्या ड्रिलमधील कार्बन हे मुळी झिजण्यासाठीच असतात. ते अल्प खर्चात बदलता येतात. तेवढ्यासाठी तांबे, पोलाद आणि कामगाराचे श्रम भंगारात लोटणे हा अपव्ययच होय. दुरुस्तीच्या हाताला त्यातून रोजगार मिळतो, हेही विसरता येत नाही.

अडचण आहे ती ‘रिकंडिशन’ या शब्दाची. एका कारागिराने यंत्र पूर्ण उघडले, बेअरिंगे व कार्बन बदलले, आर्मेचर व वायंडिंग तपासले आणि लेखी हमी दिली, तर ते रिकंडिशन. दुसऱ्याने तेच यंत्र घासूनपुसून रंगविले व नवे लेबल चिकटवले, तरी त्याच्या तोंडी शब्द तोच. गिऱ्हाइकाला बाहेरून दोन्ही यंत्रे सारखीच दिसतात. फरक आत, जेथे त्याची दृष्टी पोहोचत नाही तेथे असतो.

तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी ‘सुम्मा थिऑलॉजिया’ या ग्रंथात नेमका हाच प्रश्न घेतला होता: मालातील दोष सांगणे विक्रेत्यावर बंधनकारक आहे काय? घोड्याला एकच डोळा असेल, तर ते गिऱ्हाइकास दिसतेच. किंमत त्या मानाने उतरविली म्हणजे सांगण्याचे बंधन उरत नाही. परंतु जो दोष लपलेला आहे आणि ज्यामुळे घेणाऱ्याचे नुकसान होईल किंवा त्याच्यावर संकट ओढवेल, तो सांगितलाच पाहिजे. आपल्या देशातील कायदाही याच दिशेने जातो. १९८६ च्या आणि त्याच्या जागी आलेल्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यांत जुना वा रिकंडिशन केलेला माल नवा म्हणून विकणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरविली आहे.

विक्रेत्याचे कर्तव्य यातून स्पष्ट होते. पण घेणाऱ्याचे काय? सामान्य ग्राइंडरची १०० मिलिमीटर व्यासाची चकती मिनिटाला सुमारे ११,००० वेळा फिरते. म्हणजे तिच्या कडेचा वेग ताशी २०० किलोमीटरहून अधिक होतो. चकती फुटली तर तिचे तुकडे अडविण्यास गार्डखेरीज दुसरे काही नसते. पुष्कळशा हातयंत्रांवर चौकोनात चौकोन अशी खूण असते. अशा यंत्राला अर्थिंगची तार नसते. आतील दुहेरी इन्सुलेशन हेच वापरणाऱ्याचे रक्षण करते. उघडलेले यंत्र निष्काळजीपणे जुळविले गेले, तर ते रक्षण नाहीसे होते आणि खूण मात्र तशीच राहते.

आता हे यंत्र कोण हातात धरणार? मालक क्वचितच. ते जाते रोजंदारीवरील हेल्परच्या हाती. त्याला किमतीत वाचलेल्या पैशांतले काही मिळत नाही, आणि धोका तर पुरता त्याच्याच वाट्याला येतो. स्वतः धोका पत्करून वाचविलेला पैसा ही काटकसर होय. दुसऱ्याच्या बोटांवर वाचविलेल्या पैशाला ते नाव देता येणार नाही. ज्या क्षणी आपण यंत्र दुसऱ्याच्या हाती देतो, त्या क्षणी विक्रेत्याचे कर्तव्य आपल्याकडे येते.

यावर कोणी म्हणेल की गरिबाला निवड असते कोठे? आक्षेप रास्त आहे. शिवाय नवे म्हणजे निर्दोष असेही नाही. ज्याचे सुटे भाग बाजारात मिळत नाहीत अशा हलक्या नव्या यंत्रापेक्षा नीट दुरुस्त केलेले जुने चांगले. म्हणूनच आम्ही नवे की जुने असा नियम सांगत नाही. काय बदलले ते विक्रेता बिलावर लिहून देतो का? मूळ गार्ड आहे का? वायरमनकडून इन्सुलेशन तपासून घेऊ देतो का? चालविताना जळका वास येतो का, कार्बनपाशी ठिणग्यांचे कडे दिसते का? समाधानकारक उत्तरे मिळाली तर खुशाल घ्यावे. विक्रेता टाळाटाळ करू लागला, तर निम्मी किंमतही महागच समजावी.

त्या तरुणाला आम्ही एवढेच विचारले, “ग्राइंडर चालवणार कोण?” तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “पोरगा ठेवलाय एक, शिकतोय अजून.” पुढे त्याने ड्रिल रिकंडिशन केलेले घेतले, तेही दुकानदाराकडून समोर उघडून घेऊन, ग्राइंडर मात्र नवा घेतला, आणि त्यासाठी महिनाभर थांबला.

नाझरेथच्या सुताराने आपल्या घरच्या मुलाच्या हाती पहिले अवजार केव्हा दिले, हे शुभवर्तमानात लिहिलेले नाही. परंतु देण्यापूर्वी त्याने धार, दांडा आणि पाचर निरखून पाहिली असेल, याविषयी आम्हांला शंका नाही. शिकाऊ पोरगा दुसऱ्याच्या घरचा असला, तरी त्याच्या हातांची काळजी तितकीच घ्यावी लागते.