बुढीची ढोली

कुरखेड्याजवळ, सती नदीच्या काठावरच्या एका गावात एक बुढी राहत असे. घर मातीचं, वर कवेलू, मागं सांदवाडी आणि सपरीच्या कोपऱ्यात शेणामातीनं लिंपलेली, साठवणीची बांबूची उंच ढोली. तिला दोन मुलं, दोन सुना. थोरला बाजूलाच सिमेंटचं घर बांधून वेगळा झाला होता. धाकटा आणि त्याची बायको बुढीजवळ राहत, पण धानाचं चुरणं आटोपलं की दरवर्षी मिरची तोडायला तेलंगणात जात. गडचिरोली-चंद्रपूरकडची कितीतरी कुटुंबं अशीच जातात. मजुरी मिळते, वर घरापुरती लाल मिरचीही येते. परत येताना धाकटीच्या पिशवीत पोरासाठी बूट असत, बिस्किटांचे पुडे असत आणि मसाल्याची पाकिटं असत. वाळवण, वड्या, लिंपण यातलं तिला फारसं काही येत नसे. आळशी होती म्हणून नव्हे. ज्या महिन्यांत हे शिकायचं, ते महिने तिचे मिरचीच्या शेतात जात.

2020 च्या 24 मार्चला रात्री देश बंद झाल्याची घोषणा झाली. मिरची झाडावरच राहिली आणि मुकादमानं हिशेब पुढं ढकलला. मिळेल तिथं गाडीनं, नाही तिथं पायी, असं करत दोघं गावी पोचले. आधी शाळेच्या खोलीत 14 दिवस वेगळं राहावं लागलं. मग घरी आले तेव्हा जवळ मिरचीचं एक बोचकं आणि खर्चून उरलेले थोडे रुपये होते.

मोहाचा बहर अजून सरला नव्हता. आठवडी बाजार बंद, पण एक व्यापारी मोटारसायकलवर गल्लीबोळातून यायचा, गाडी चालू ठेवूनच भाव सांगायचा आणि ओली-सुकी जी असतील ती फुलं पोत्यात भरून न्यायचा. भाव कवडीमोल होता. थोरलीनं पहिल्याच दिवशी सगळी फुलं देऊन टाकली. तिच्यावर घराच्या कर्जाचा हप्ता होता, आणि घरात ओली फुलं ठेवून करायचं काय, हाही प्रश्न होताच. धाकटीही टोपली घेऊन निघाली, तशी बुढी म्हणाली, “थांब वं पोरी. तुले पैसे कायले पायजे, ते आधी लिहून काढ.”

धाकटीनं कोळशाचा तुकडा घेतला आणि मागच्या दारावर लिहिलं : मीठ, तेल, साखर, चहापत्ती, मसाला, डाळ, भाजी, साबण, बिस्किटं, पोराचं औषध, मोबाईलचा रिचार्ज.

बुढीला वाचता येत नव्हतं. धाकटी एकेक नाव वाचायची आणि बुढी उठून काहीतरी आणून समोर ठेवायची. डाळ म्हटल्यावर मडक्यातली लाखोरी आली. धान कापायच्या आधी ओल्या बांधीत फेकलेली, नांगराशिवाय वाढलेली ती डाळ. भाजी म्हटल्यावर गाडग्यातून वांग्याच्या वाळलेल्या खुला निघाल्या. मसाल्याला मिरची बोचक्यात होती आणि धने सांदवाडीतले होते. तेलाच्या जागी बुढीनं जवसाची पिशवी आपटली. घाणी सुरू होईपर्यंत चटणीवर भागवू म्हणाली. बिस्किटांवर पोरगं रडलं. त्याला मोहाची भाजलेली फुलं तिळाबरोबर कुटून लाडू करून दिला, तो त्यानं आधी थुंकला आणि दुसऱ्या दिवशी मागून खाल्ला.

रिचार्ज खोडायला धाकटीनं हात उचलला, तर बुढीनं तो धरला. “अन् मुकादमाले फोन कशानं लावशील? राहू दे.” मीठ, साबण, औषध हेही राहिलं. साखर आणि चहापत्तीवर बरीच चर्चा झाली. निर्णय बुढीच्या बाजूनं लागला, कारण दिवसातून सर्वांत जास्त चहा तीच प्यायची.

उरलेल्या जिनसांना जेवढे पैसे लागणार होते, तेवढीच फुलं त्या दिवशी विकली.

साधेपणाचे गोडवे गाणाऱ्यांना इथं एक सांगायला हवं. बुढीला गरिबी आवडत नव्हती. सिमेंटचं घर तिलाही हवं होतं, पावसाळ्यात कवेलू फेरायचा तिला कंटाळा होता. तिचं म्हणणं एवढंच, की घाईत विकलेला माल स्वस्त जातो आणि घाईत घेतलेला महाग पडतो. या जंगलात हे पिढ्यान्‌पिढ्या घडत आलंय : चैत्रात विकलेलं मोहफूल तोच माणूस पावसाळ्यात त्याच व्यापाऱ्याकडून चढ्या दरानं विकत घेतो.

“माल ठेवता आला त थांबता येते,” ती धाकटीला म्हणाली. “अन् थांबता आलं त भाव आपण सांगतो.”

ठेवणं मात्र सोपं नव्हतं. पहाटे झाडाखाली जायचं. पाचोळा पेटवून नव्हे, खराट्यानं झाडून जागा साफ करायची, कारण त्या आगीनं जंगल जळतं आणि उद्याचं झाडही. फुलं वेचून आणली की सारवलेल्या अंगणात पातळ पसरायची, सारखी हालवायची. पिवळट रसरशीत फूल तांबूस होत जातं, आक्रसतं. मग काठीनं हलकं बडवून आतले केसर झाडायचे. धाकटीला घाई झाली. फुलं सुकलेली दिसली म्हणून तिनं एका संध्याकाळी ती ढोलीत ओतली. रात्री बुढीनं ढोलीत कोपरापर्यंत हात घातला; आत ऊब लागली. त्याच वेळी, कंदिलाच्या उजेडात, दोघींनी सगळा माल बाहेर काढला. सकाळी बुढीनं मूठभर फुलं तिच्या हातात दिली : “दाब. आता सोड. गोळा राहिला ना? सुटी होतील तवा भर.” फुलं सुटी झाल्यावर तळाला कडुनिंबाचा पाला घालून त्यांनी ढोली भरली आणि तोंड शेणामातीनं लिंपून टाकलं. कुठलं ऊन पुरेसं आणि कुठलं नाही, हे धाकटीच्या मुठीला त्या उन्हाळ्यात कळायला लागलं.

पोळ्याच्या सुमारास थोरलीकडे बैलांना चारायलाही मोहफूल उरलं नव्हतं. ती विकत आणायला निघाली, तेव्हा भाव ऐकून परत आली आणि बुढीच्या सपरीत बसली. धाकटीनं ढोलीतून टोपलीभर काढून दिलं. थोरली पैसे द्यायला लागली. बुढी म्हणाली, “पैसे नको. यंदा तुह्या घरी ढोली विणू. बांबू तू आण.” थोरलीला बांबूच्या पट्ट्या काढता येत नव्हत्या. हिवाळाभर तिची बोटं कापत राहिली, पहिली ढोली एका बाजूला कलली, पण उभी राहिली.

तेव्हा मोहफुलं घरात जास्त ठेवायलाही लोक भीत, कारण त्यांच्या साठ्यावर आणि वाहतुकीवर दारूबंदीच्या कायद्यातली जुनी बंधनं होती. 2021 मध्ये राज्य सरकारनं ती उठवली. योग्यच झालं. पण बंधन उठलं म्हणून कुणाला फूल वाळवता येत नाही. गावातल्या बऱ्याच घरांत ढोल्या केव्हाच चुलीत गेल्या होत्या, आणि ज्या म्हाताऱ्यांना त्या विणता येत होत्या त्यांना कुणी विचारलं नव्हतं. शेजारच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाला 2009 मध्ये जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला आणि 2011 मध्ये त्या ग्रामसभेनं आपला बांबू स्वतः विकला, हे सगळ्यांना माहीत आहे. त्या हक्काच्या कागदामागं गावानं एकत्र बसून विचार करायची वर्षानुवर्षांची सवय होती, हे थोडं कमी सांगितलं जातं. हक्क वापरायलाही हात तयार लागतात.

दोन उन्हाळे गेले. मुकादमानं जुन्या हिशेबातले थोडे पैसे दिले, बाकीचे बुडवले. धाकटी आणि तिचा नवरा अजूनही मिरचीला जात, पण आता मोहाच्या आधी परत येत. मुकादम रागावला की धाकटी फोन कानापासून दूर धरायची.

2022 च्या चैत्रात तो व्यापारी पुन्हा आला. थोरलीच्या दारात गाडी थांबवून म्हणाला, “चला बाई, आणा पटकन. आज चार गावं करायची आहेत.”

थोरली सुपात फुलं पाखडत होती. तिनं मान वर केली नाही. “भाव काय?”

त्यानं सांगितला.

“मग दिवाळीत या.”

“दिवाळीपर्यंत सडेल की सगळं!”

थोरलीनं सुपातली मूठभर फुलं उचलली, दाबली आणि त्याच्यासमोर हात उघडला. फुलं सुटी झाली. व्यापाऱ्यानं एक उचलून दाताखाली धरलं, दुसरं उचललं आणि गाडी बंद करून सपरीत येऊन बसला. घासाघीस दुपारपर्यंत चालली. तोवर धाकटीनं दोनदा चहा केला, आणि दोन्ही वेळा पहिला कप बुढीनं घेतला.