केसपेपरवरील ‘एनएडी’ आणि अभावाचे ज्ञान

वैद्यकीय नोंदींच्या तयार साच्यांवर, प्रत्येक रुग्ण वेगळा असल्याने साचा मुळातच खोटा, असा आक्षेप घेतला जातो; परंतु प्रकृतिभेदावर एवढा भर देणाऱ्या चरकसंहितेनेच विमानस्थानाच्या ८व्या अध्यायात प्रकृती, विकृती, सार, संहननापासून वयापर्यंत रुग्णपरीक्षेची दहा अंगे नेमून दिली आहेत, आणि वैद्याला काही विसरू न देणारा तोही एक साचाच आहे. जागतिक आरोग्य संघटनेची २००८ची शस्त्रक्रियेसाठीची १९ कलमी सूची याच जातीची.

आक्षेपार्ह ठरतो तो प्रश्नांऐवजी उत्तरेच आधी भरून ठेवणारा साचा. दाट वस्तीतल्या ओपीडीत केसपेपरवर ‘सीव्हीएस’, ‘आरएस’, ‘सीएनएस’ यांपुढे, म्हणजे हृदय, फुप्फुसे व मज्जासंस्था यांच्या रकान्यांत, ‘एनएडी’ अर्थात ‘विकृती आढळली नाही’ असा शेरा पडतो. संगणकावर तर तो आधीच बसवलेला असू शकतो, आणि डॉक्टरने खोडला नाही की त्याचे विधान होतो.

‘आढळली नाही’ यावरून ‘नाही’ हे कधी ठरते, हा भारतीय दर्शनांतला जुना प्रश्न आहे. कुमारिल भट्टांच्या मीमांसेत अनुपलब्धी, म्हणजे वस्तू न आढळणे, हे अभाव जाणण्याचे स्वतंत्र सहावे प्रमाण आहे. नैयायिकांना ते मान्य नाही, अभाव प्रत्यक्षानेच कळतो असे ते म्हणतात. हा वाद सूक्ष्म आहे आणि येथे तो सोडवण्याचे कारण नाही, कारण वस्तू असती तर दिसलीच असती अशी स्थिती हवी, या योग्यतेच्या अटीवर दोन्ही पक्ष एकत्र येतात: काळोखात घडा दिसला नाही म्हणून घडा नाही असे ठरत नाही. पंख्याच्या घरघरीत सदऱ्यावरूनच क्षणभर टेकवलेल्या स्टेथोस्कोपला झडपेची बारीक मर्मर ऐकू आली नाही, तर ‘एनएडी’ला आधार उरत नाही; स्टेथोस्कोप टेकवलाच नसेल, तर ती अनुपलब्धीही नव्हे.

रुग्ण पुढे मोठ्या रुग्णालयात गेला की तेथील डॉक्टरसाठी हाच शेरा शब्दप्रमाण, म्हणजे आप्ताचे वचन, होतो; पण आप्त म्हणजे वस्तू जाणून ती खरी सांगू इच्छिणारा, आणि छापील ओळीमागे तसा वक्ता असेलच असे नाही. त्या मानाने रिकामा रकाना अधिक प्रामाणिक म्हणावा लागतो. तरीही तो रिकामा राहत नाही, कारण जे लिहिले नाही ते केलेच नाही, असा वैद्यकीय-कायदेशीर व्यवहारातला दंडक आहे, आणि गंमत अशी की हा दंडकही नोंदीच्या अनुपलब्धीवरून तपासणीचा अभाव सिद्ध करू पाहतो.